बिघडलेले व्हिडिओ

माझ्या आईचा आवाज माझ्याकडे आहे, तोंड नाही.

आवाज मात्र भरपूर आहे. "अन्वी, इकडे बघ. काऊ कुठंय? गेला काऊ?" फोनवर घेतलेले कितीतरी व्हिडिओ, आणि सगळ्यांत मीच. मी रांगतेय, मी वरणभात डोक्याला फासतेय, मी पप्पांची चप्पल चघळतेय. बोलणारी ती, दिसणारी मी. आणि जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ एकाच जागी संपतो. माझं नाक वाहतं, आई म्हणते, "थांब गं, पुसू दे," की संपला. मी धपकन पडते, ती "अगं अगं" करते, की संपला. लहानपणी मला तिचा राग यायचा. एक क्षण अजून चालू ठेवला असतास तर काय बिघडलं असतं? निदान हात तरी दिसला असता.

मी चार वर्षांची असताना ती डेंग्यूनं गेली. पप्पा तेव्हा वापीला रंगाच्या कारखान्यात होते. नोकरी सोडून ते मला घेऊन आपल्या गावी, पिंपळगावला आले आणि बेबीआत्यानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, मला वाढवलं. आईचे फोटो का नाहीत, असं विचारलं की पप्पा म्हणायचे, "तिला आवडायचं नाही काढून घ्यायला." आणि लग्नाचा अल्बम? "वापीच्या घरात पाणी शिरलं, त्यात गेला." आईला माहेर असं नव्हतंच. मामाकडे वाढलेली, आणि तो मामाही कधीच गेलेला. त्यामुळे पुढं विचारायचं कुणाला, हा प्रश्नच होता.

हे सगळं मी गिळून बसले होते. माझं लग्न ठरलं आणि ते पुन्हा वर आलं.

आमच्याकडे हळदीच्या दिवशी घरातल्या गेलेल्या सवाष्णीच्या फोटोला आधी हळद लागते, मग नवरीला. आत्या पाटावरच्या रुखवताच्या डब्यांवरून हात फिरवत सहज म्हणाली, "हर्षदाच्या नावानं सुपारी ठेवू. तांदळावर सुपारी ठेवली की झालं. शास्त्रात बसतं ते."

"माझी आई सुपारी नाहीये, आत्या."

"मग काय करती आता? नाहीये फोटो तर नाहीये."

पप्पा ओट्यापाशी उभे राहून चहा गाळत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. चहा कपाबाहेर सांडला तरी गाळतच राहिले.

मला रडू आलं आणि रडू आल्याचा संतापही आला. सत्तावीस वर्षांची बाई, स्वतःच्या पगारावर जगणारी, आणि एका फोटोसाठी ओठ काढून बसलीय. पण खरं सांगते, मला तेव्हा जगातलं दुसरं काहीच नको होतं. मला तिला एकदा बघायचं होतं.

*

माझं काम व्हिडिओतून फ्रेम काढण्याचं. द्राक्षबागांवरून ड्रोन फिरतात आणि त्यांचे व्हिडिओ आमच्या ऑफिसात येतात. मी लिहिलेला कोड त्यांतून कामाची स्थिर चित्रं वेचतो. कुठं भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आलीय, कुठं घड सुकलेत, हे त्या चित्रांवरून कळतं.

लोकांना वाटतं व्हिडिओ म्हणजे हलणारं चित्र. हलणारं त्यात काहीच नसतं. एका सेकंदात तीसेक स्थिर चित्रं डोळ्यांसमोरून सरकतात आणि डोळा फसतो. त्यातही फोन कंजूष. तो प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एखादंच पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांचे नुसते बदल टिपतो. मागच्यासारखंच, फक्त हात एवढा वर गेला. मागच्यासारखंच, फक्त मान वळली. फ्रेम काढायची म्हणजे ते पूर्ण चित्र शोधायचं आणि त्यावर एकेक बदल चढवत हव्या त्या क्षणापर्यंत यायचं. पूर्ण चित्रच हरवलं तर बदलांचा काही उपयोग नाही. माझ्याकडे आईचं जे होतं ते तसंच होतं. तिच्या चिडण्याचे, हसण्याचे, दमण्याचे बदल सगळे होते. ते ज्यावर चढवायचे ते चित्र नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे 'थर' नावाची नवी प्रणाली आली. पानांआड लपलेला घड एका फ्रेममध्ये दिसत नाही. पण ड्रोन जरा हलतो, पान जरा हलतं, आणि प्रत्येक फ्रेममध्ये घडाचा वेगळा कण हाती लागतो. अशा हजारो फ्रेमा एकमेकींवर अचूक बसवल्या की कुठल्याही एका फ्रेममध्ये नसलेलं चित्र तयार होतं. त्यात मनानं भरलेलं काही नसतं, सगळं थोडं थोडं करून जमवलेलं असतं. हे मला फार आवडतं. बायका भिशी जमवतात तसं.

त्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरून शबानानं हाक मारली. "अन्वी, हे बघ काय ध्यान!" बागेतलं एक कुत्रं मान वर करून ड्रोनकडे बघत होतं. तिनं गंमत म्हणून त्याच्या डोळ्यावर थर चालवले होते. काळ्याभोर बुबुळात एक बारकी आकृती होती, चार पंख्यांची.

"आपलाच ड्रोन की गं," ती हसत म्हणाली.

मी हसले नाही. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले आणि शबाना घाबरली.

डोळा म्हणजे ओला, फुगीर आरसा. जो समोर असतो तो त्यात उमटतो, लहान होऊन. आणि माझ्या समोर दोन-तीन वर्षं कोण होतं?

*

पप्पांकडे व्हिडिओंचे दोन संच होते. 'चांगले' आणि 'बिघडलेले'. चांगले माझ्याकडे होतेच. सुट्टी टाकून मी ते सगळे थरावर चढवले. कोडला मी शिकवलं की माझा चेहरा शोध, डोळे शोध, पापणी मिटलेली फ्रेम टाकून दे, हललेली फ्रेम टाकून दे, उरलेल्यांतलं बुबुळ कापून घे आणि सरळ करून एकावर एक ठेव. एका फ्रेममध्ये समोरच्या माणसाचं डोकं म्हणजे जेमतेम काही ठिपके. पण फ्रेमा हजारोंनी होत्या.

चित्र हळूहळू जमू लागलं. आधी खिडकी आली. मग खिडकीसमोर खांदे आले. एका खांद्यावर वेणी. मी स्क्रीनला नाक लावून बसले होते. मग मान आली. आणि मानेच्या वर एक काळा चौकोन.

फोन. तिनं फोन तोंडासमोर धरला होता. व्हिडिओ चांगला यावा, माझं डोकं कापलं जाऊ नये, म्हणून ती त्या पडद्यात बघत होती. जितका व्हिडिओ चांगला, तितका चौकोन ठळक. मी सगळे व्हिडिओ पालथे घातले आणि माझ्या हाती जगातला सगळ्यात सुबक काळा चौकोन लागला.

मी निनादला फोन केला. निनाद म्हणजे माझा होणारा नवरा, संगमनेरला शाळेत गणित शिकवतो. मी रडत रडत त्याला चौकोनाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मग जे चांगले नाहीत ते बघ ना."

गणिताच्या माणसाचा हा एक फायदा असतो.

पप्पांनी 'बिघडलेले' द्यायला बरीच का-कू केली. "काही नाही गं त्यात. वाकडेतिकडे आहेत. कुठं नुसती भिंत, कुठं अर्धं डोकं." मी हट्ट धरला. शेवटी त्यांनी दिले आणि बागेला पाणी धरायचं म्हणून निघून गेले. त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती.

पप्पा खोटं बोलत नव्हते. खरंच बिघडलेले होते ते. माझं कपाळ कापलेलं, चौकट कलंडलेली, कधी एकच डोळा आणि बाकी सगळी चादर. मी त्यांत टाळ्या वाजवत होते, पहिल्यांदा उभी राहत होते, 'आई' म्हणत होते. आणि मला उमगलं. ज्या क्षणी मी काहीतरी असं केलं, त्या क्षणी तिला पडद्यात बघणं पुरेसं वाटेना. तिचा फोन खाली यायचा, छातीपाशी, मांडीपाशी, कुठंही, आणि ती थेट माझ्याकडे बघायची. म्हणून चौकट कलंडायची. जे व्हिडिओ बिघडले होते, त्यांतच ती मला बघत होती.

थर चढत गेले. संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर एक बाई होती. रुंद कपाळ, जाड भुवया, माझ्यासारखंच जरा पुढे आलेलं नाक. हसत होती. चेहरा स्वच्छ, उजळ, एकसारखा. अंधुक होता पण चेहरा होता.

मी "आई" असं मोठ्यानं म्हटलं. खोलीत कुणी नव्हतं.

*

पप्पांनी चष्मा पुसला. परत घातला. स्क्रीन हातात घेऊन दारापाशी उजेडात गेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला त्या चेहऱ्यावर ओळख उमटलेली बघायची होती.

"छान आहे," ते म्हणाले.

"छान म्हणजे?"

"म्हणजे... तिच्यासारखी आहे बेटा. पण ही ती नाही."

"पप्पा, हे माझ्याच डोळ्यांतून काढलंय. यात एक कणही बाहेरचा नाही."

"असंल. मी कुठं नाही म्हणतो? पण ही ती नाही."

ते स्क्रीन टेबलावर ठेवून गेले. माझं डोकं फिरलं. मी वीस-बावीस वर्षं थांबून आईला मिळवलं आणि हा माणूस एका वाक्यात तिला हाकलून देतो! जेवायलाही मी उठले नाही. आत्या दोनदा हाक मारून गेली.

सकाळी डोकं थंड झाल्यावर मी माझाच कोड पहिल्यापासून वाचायला घेतला. कण बाहेरचा नसेल, पण एखादा गेला असेल का? आणि मधेच ती ओळ दिसली. भुरी शोधताना आम्हाला उन्हाचा फार त्रास होतो. पानावर ऊन चकाकलं की पांढरा डाग दिसतो आणि प्रणालीला ती भुरी वाटते. म्हणून थर लावण्याआधी आम्ही चकाकी पुसतो. पांढरं दिसलं की आजूबाजूच्या रंगानं भरून टाक. ही पायरी माझ्या हाताला इतकी सवयीची की मी ती डोळ्यांसाठीही तशीच लावली होती. ओल्या डोळ्यावर खिडकी चमकतेच, तेव्हा चुकीचं काही वाटलंही नव्हतं.

मी ती पायरी काढली आणि परत थर चालवले.

पांढरे डाग आले. ओठांच्या दोन्ही बाजूंना, डाव्या डोळ्याभोवती, हनुवटीखाली. मी म्हटलं, खिडकी असेल. पण खिडकीची चमक खिडकीपाशीच राहते. एकेका व्हिडिओचे थर वेगळे लावून पाहिले, तर हे डाग तिची मान वळली की मानेबरोबर वळत होते. ती हसली की ओठांबरोबर पसरत होते.

माझ्या आईला कोड होतं. आणि मी ते पुसून तिला उजळ करून पप्पांना दाखवली होती.

*

या वेळी पप्पांनी चष्मा पुसला नाही. त्यांनी नुसतं पाहिलं आणि खाली बसले. तिथंच, जमिनीवर.

"हा इथला," त्यांनी ओठाजवळच्या डागावर बोट ठेवलं, "हा शेवटी आला होता. तुला दात येत होते तेव्हा. ती म्हणायची, पोरगी या डागालाच जास्त पापे देते."

आत्या दारात येऊन उभी होती. स्क्रीन बघितल्याबरोबर तिनं पदर तोंडाला लावला.

"अल्बम पाण्यात नाही गेला ना, पप्पा?"

उत्तर आत्यानं दिलं. "मी सांगितलं होतं त्याला. सगळं गोदावरीत सोड म्हटलं. उद्या पोरीचं लग्न जमवायचं, कुणी फोटो बघितला तर? आईला होतं म्हणजे पोरीला होणार, असंच म्हणतात लोक. आईविना पोर, त्यात हे. मी तुझ्यासाठीच केलं गं."

"आणि व्हिडिओ?"

"व्हिडिओ नाही सोडवले माझ्याच्यानं," पप्पा म्हणाले. "आवाज होता तिचा. पण जिथं तिचा हात यायचा ना, तुझं नाक पुसायला, तुला उचलायला... हातावर पण होतं. तेवढं कापलं."

मग मला कळलं. तिनं व्हिडिओ बंद केला नव्हता. प्रत्येक वेळी ती माझ्यापर्यंत आली होती. तिनं नाक पुसलं होतं, उचलून घेतलं होतं, ते सगळं झालं होतं, आणि पप्पांनी ते कापून टाकलं होतं. इतकी वर्षं मी तिच्यावर रागावले होते.

मला पप्पांवर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण ते त्या डागावरचं बोट उचलत नव्हते. त्यांनीही तिला इतकी वर्षं पाहिलं नव्हतं. मला निदान आठवत नव्हतं, म्हणून मला काय गेलं ते नीट कळत नव्हतं. त्यांना सगळं आठवत होतं आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते सोडलं होतं.

"डोळ्यातलं कापायचं कुठं सुचणार होतं मला," ते पुटपुटले.

"बरं झालं," मी म्हटलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

*

निनादला मी दोन्ही चित्रं पाठवली. तो म्हणाला, "मला काही फरक पडत नाही." मग म्हणाला, "पण माझ्या आईला आधी सांगू का? की लग्न झाल्यावर?" मला वाईट वाटलं, पण तो खरं विचारत होता. मी म्हटलं, "सांगू नको. हळदीला पाटावर फोटो असेल. येतील तेव्हा बघतील."

"उजळ केलेला पण चालेल ना? तोही तिचाच ना?"

"नाही. तो तिचा नाही. पप्पांना विचार."

खोटं कशाला बोलू, त्या उजळ चेहऱ्याचा मोह मलाही झाला होता. तो ठेवला असता तर काहीच घडलं नसतं. सगळ्या बायका म्हणाल्या असत्या, किती देखणी होती गं तुझी आई. पण तिला एकदा घरच्यांनी पुसलं होतं आणि एकदा मी. तिसऱ्यांदा कोण पुसणार?

हळदीच्या दिवशी आत्यानं स्वतः पाट मांडला. तांदूळ पसरले. सुपारी ठेवली नाही. फोटो ठेवून झाल्यावर तिनं हर्षदाला हात जोडले, मोठी असून. मांडवात कुजबुज झाली ती मला ऐकू आली. मी मान ताठ ठेवली.

निनादची आई पुढे आली. वाटीत अंगठा बुडवून ती फोटोसमोर बसली आणि तिथंच थांबली. अंगठ्यावरून हळद ठिबकत होती.

"कोड होतं का यांना?"

"हो," मी म्हटलं.

"आणि तुला?"

"अजून तरी नाही. होऊ शकतं."

निनादच्या आईनं फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग तिनं विचारलं, "बघतात कुणाकडे या? किती हसतायत."

"माझ्याकडे."

तिनं फोटोच्या कपाळाला हळद लावली. मग थोडी अजून घेऊन गालांना लावली, डाग होते तिथंही, जशी नवरीला लावतात तशी. नंतर माझ्याकडे वळून म्हणाली, "बस आता. तुझी पाळी." तिच्या मनात काय होतं, ते मला अजूनही पूर्ण माहीत नाही. विचारीन कधीतरी.

पप्पा कोपऱ्यात उभे होते. या घरात व्हिडिओ घ्यायचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी कुणालाच फोन दिला नाही. दोन्ही हातांनी फोन घट्ट धरून, डोळ्यांसमोर नेमका, माझं डोकं कापलं जाऊ नये म्हणून जपत, ते शूट करत होते. मला त्यांच्या पांढऱ्या केसांखाली फक्त एक काळा चौकोन दिसत होता.

"पप्पा," मी हाक मारली, "फोन जरा खाली घ्या."

"अगं, मग नीट येणार नाही."

"नको येऊ दे नीट."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांचे हात हळूहळू खाली आले, छातीपाशी, मग आणखी खाली. डोळे भरलेले होते, नाक लाल झालं होतं, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी पापणी न मिटता त्यांच्याकडे बघत राहिले, जितकं जमलं तितकं.

तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात मांडवाचं कापड आहे, कुणाचा तरी खांदा आहे, आणि कोपऱ्यात माझं अर्धं डोकं, हळदीनं माखलेलं. सुदैवानं डोळे त्या अर्ध्यात आले आहेत. मी तो 'बिघडलेले'मध्ये ठेवला आहे, आईच्या शेजारी.